ताईचा पाय आणि पुण्याचं ताक

पुण्याला लोक शिकायला जातात, नोकरीला जातात, गेलाबाजार तिथल्या माणसांना नावं ठेवायला तरी जातात. आम्ही बहीणभाऊ गेलो ते ताईच्या तोंडावरची मुरमं मोजून घ्यायला. ताई पासष्टीच्या पुढची, मीही पेन्शन खाणारा. परत आल्यापासून आर्वीतला प्रत्येक जण विचारतो, तिकडे नेमकं झालं काय? म्हणून एकदाच लिहून काढतो.

मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. गाडी वेळेवर का सुटली नाही, हे प्रवाशांना पटवून देण्यात माझा जन्म गेला. सुमनताई माझी थोरली बहीण. लग्न झालं त्याच वर्षी चुलीवरचं उकळतं पाणी तिच्या पायावर सांडलं आणि घोट्याच्या वर तळहाताएवढा वण राहिला. तो वण इतकी वर्षं गप्प होता. मागच्या उन्हाळ्यात त्यात जखम झाली आणि काही केल्या भरेना. वर्ध्याच्या डॉक्टरांनी तुकडा काढून तपासला आणि सांगितलं, त्वचेचा कॅन्सर आहे, जुन्या भाजल्याच्या वणात कधी कधी होतो. इलाज विचारला तर म्हणाले, पाय गुडघ्याखाली काढावा लागेल.

ताई म्हणाली, "दोन पाय घेऊन आली मी जगात. एक मांगं ठेवून नाई जानार."

मग पुण्याचं नाव निघालं. तिथल्या एका रुग्णालयात या जातीच्या कॅन्सरवर दर आठवड्याला सलाईनमधून नवं औषध देतात. जखम आवळली तर लहान ऑपरेशनवर भागतं आणि पाय वाचतो. अट एकच, औषधात खंड पडता कामा नये. आणि खोडही एकच. हे औषध कॅन्सरला भिडण्याआधी तोंडाला भिडतं. गाल, नाक, छाती, सगळीकडे मुरमांसारखी पुरळ उठते. पुरळ हाताबाहेर गेली की औषध थांबवतात. औषध थांबलं की पाय गेला. आमचा सगळा प्रवास या मुरमांवर टांगलेला होता.

कर्वेनगर

स्टेशनाबाहेर रिक्षावाल्याला म्हटलं, कर्वेनगर.

"कर्वेनगरला कुठे?"

"तेच शोधायचं आहे."

"मग शोधून झालं की हाक मारा," असं म्हणून त्याने पुन्हा पेपर उघडला.

ताई एवढी खूश झाली की बस्स. म्हणाली, "पाह्य मधू, लोक म्हनत तसंच हाय. पैसे वसूल."

आमची सोय एका ट्रस्टच्या रुग्णनिवासात होती. रुग्णालयात ही पुरळ आवरणाऱ्या गोळीचं संशोधन चालू होतं, त्यात नाव असलेल्या रुग्णांना तिथे फुकट खोली मिळते. व्यवस्थापक भिडेकाका. स्वच्छ धोतर, स्वच्छ खोल्या, स्वच्छ शब्दांत अपमान. आमच्याकडे पाहून म्हणाले, "वर्ध्याकडचे का आपण? उत्तम. म्हणजे उकाड्याची तक्रार येणार नाही." आमच्याकडे पाहुणा आला की आधी पाणी, मग चौकशी. इथे आधी नियम, मग चौकशी, आणि पाण्याचा माठ कुठे आहे याची पाटी.

जेवणाबद्दल वाईट बोलू नये, फुकटचं होतं. पण आमटीत गूळ, भाजीत गूळ, इथवर आम्ही सोसलं. मग मठ्ठा आला. ताईने एक घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली.

"भाऊ, हे ताक हाय का शरबत?"

भिडेकाका म्हणाले, "साखर चिमूटभरच आहे."

"चिमूटभर काहून मग? पुरनपोळीच बुडवा ना त्याच्यात."

काकांनी आयुष्यात बऱ्याच जणांना गप्प केलं असेल, पण स्वतः गप्प होण्याची त्यांना सवय नसावी. काही वेळाने म्हणाले, "आपल्याला जमत असेल तर आपण करावं." पुण्यात हा टोमणा असतो. ताईला तो अधिकार वाटला. दुसऱ्या सकाळी ती पदर खोचून स्वयंपाकघरात उभी होती.

ओपीडी

रुग्णालयात पल्लवी नावाची मुलगी संशोधनाचं काम बघायची. गोड होती, आणि तिच्या वाक्यात क्रियापद तेवढं मराठी असायचं.

"ताई, बेसिकली ही अँटिबायोटिकची स्टडी आहे. टेट्रासायक्लिन फॅमिलीतली जुनी टॅबलेट. रॅश कंट्रोल करते का, ते चेक करायचंय. हाफ पेशंट्सना रिअल टॅबलेट, हाफना डमी."

"मले कोनती?"

"ते मला माहीत नाही."

"मॅडमले?"

"त्यांनाही नाही."

"मग माहीत कोनाले हाय?"

"कॉम्प्युटरला."

गाडी कुठे आहे हे कुणालाच माहीत नसलं की एसटीत आम्ही त्याला गोंधळ म्हणायचो. पुण्यात त्याला संशोधन म्हणतात. आमच्याकडे सर्दी झाली, पोट दुखलं, नुसता कंटाळा आला तरी अँटिबायोटिक फुटाण्यासारखं हातावर ठेवतात. इथे तीच गोळी, त्यातली अर्धी खरी, आणि ती मिळावी म्हणून माणसं पानापानावर सह्या करत होती.

ताईने विचारलं, "दुकानातून खरी आनून घेतली तर?"

"मग स्टडीतून आउट. आणि रुग्णनिवासातून पण," पल्लवी हसत म्हणाली.

मुख्य डॉक्टर मॅडम मात्र मला आवडल्या. कमी बोलायच्या, पण ताईच्या पायाजवळ स्टूल ओढून बसायच्या. पुढे पुरळ उठली ती पाहून म्हणाल्या, "ताई, पुरळ येणं तसं चांगलं लक्षण आहे. म्हणजे औषध लागू पडतंय."

"चांगलं हाय तर घालवता काहून?"

"फार वाढली तर तुम्हालाच औषध नकोसं होईल. चांगलं लक्षणसुद्धा बेताचं हवं."

हे मात्र मला अगदी पुणेरी वाटलं.

पहिल्या दिवशी निघताना पल्लवीने दोन सूचना दिल्या. उन्हात फिरायचं नाही, आणि गोळी दुधाबरोबर घ्यायची नाही. पाण्याबरोबर घ्या, असं कुणी म्हणालं नाही. पुण्यात गोळी पाण्याबरोबरच घेतात, त्यात सांगायचं काय? आमच्याकडे असं नसतं. आमच्याकडे गोळी म्हणजे गरम. गरम वस्तू पोटात धाडली की तिच्यामागून थंड वस्तू धाडावी लागते, नाहीतर तोंड येतं, डोळे जळतात, लघवीला आग होते. विदर्भाच्या उन्हात वाढलेल्या माणसाला हे कुणी शिकवत नाही. एरवी ताई कुठलीही गोळी दुधाबरोबर घेते. दूध नको म्हटल्यावर तिने एका शब्दाने वाद घातला नाही. ती गोळी ताकाबरोबर घेऊ लागली.

मार्केट यार्ड

ताईच्या ताकाला आलं लागतं, जिरं लागतं, कोथिंबीर लागते. "जाय, बाजारातून थोडंसं आलं घेऊन ये," असं म्हणून तिने मला पिटाळलं. कुणीतरी सांगितलं, मार्केट यार्डात सगळं ताजं मिळतं. मी बस धरून गेलो.

मार्केट यार्ड हा बाजार नाही, भाजीपाल्याचं जंक्शन आहे. हमाल डोक्यावर पोती घेऊन धावत असतात आणि तुम्ही मध्ये उभे असलात तर "ए, पाव्हणं, सरका की," म्हणून तुमच्या अंगावरून जातात. आमच्याच भागातली संत्री तिथे रचून ठेवली होती. मी एक हातात घेतलं तर व्यापारी म्हणाला, "काका, फोटो काढायचाय का घ्यायचंय?"

आल्याच्या गाळ्यावर मी पावशेर मागितलं. गाळेवाल्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी विमानतळावर जाऊन सायकलची हवा मागितली. म्हणाला, "पोतं हाय. घेताय?" आजूबाजूचे चार लोक थांबून बघायला लागले. आता सरळ परत फिरायचं की नाही? पण माझ्यात कुठून ताठा शिरला कुणास ठाऊक. "द्या पोतं," म्हणालो. कोथिंबिरीचंही तेच झालं. बसच्या कंडक्टरने त्या पोत्याचं वेगळं तिकीट लावलं. आयुष्यभर मी ज्या प्रवाशांना डाफरलो, त्यांच्यात मी त्या दिवशी जाऊन बसलो.

ताईने पोतं पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "मी थोडंसं म्हटलं होतं, शेत नाई म्हटलं." पण आलं वाया घालवणं तिच्या रक्तात नाही. त्या दिवसापासून आमच्या मजल्यावरच्या सगळ्यांना ताक सुरू झालं. सगळे याच संशोधनातले, सगळ्यांची तोंडं लाल. ताई सकाळ-संध्याकाळ पातेलं घेऊन फिरायची आणि विचारायची, "गोळी घेतली का? मग घ्या हे वरून, थंड पडते." सातारा, बीड, जळगाव, सगळ्या जिल्ह्यांनी ते ताक प्यायलं. भिडेकाकाही दाराआड उभे राहून एक भांडं घ्यायचे आणि जाताना म्हणायचे, "साखर असती तर बरं झालं असतं."

खडकी

ओपीडीत आमची कांबळेसाहेबांशी ओळख झाली. दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले, राहायला खडकीत, कानाच्या पाळीवर कॅन्सर. साहेब हे नाव त्यांना आम्ही दिलं, कारण ते ओपीडीतही इस्त्रीचा शर्ट घालून येत आणि रांगेत हलत नसत. त्यांची पुरळ ताईसारखीच भडकलेली होती.

रविवारी त्यांनी घरी जेवायला बोलावलं. दारातच पाणी मिळालं, तेव्हाच मी ओळखलं की जेवण चांगलं असणार. वहिनींनी केलेल्या मटणाच्या रश्शाने ताईच्या डोळ्यांत पाणी आणलं. म्हणाली, "पुण्यात आल्यापासून पहिल्यांदा जेवली."

जेवणानंतर ताईने ताकाची चौकशी केली. कांबळेसाहेब हात जोडून म्हणाले, "ताई, मला माफ करा. ताक म्हटलं की माझा घसा धरतो. लहानपणापासून कधी घशाखाली घातलं नाही. आणि सूचनेत नाही ते मी करत नाही. कारखान्याची सवय आहे. तिथे एक माणूस स्वतःचं डोकं चालवायला गेला की सगळ्यांची डोकी जातात."

"पन तुमची पुरळ तर माह्यासारखीच हाय," ताई म्हणाली.

"हो ना. मॅडम म्हणाल्या, पुढच्या वेळी अशीच राहिली तर औषध थांबवू." ते हसले. वहिनी हसल्या नाहीत.

पुन्हा ओपीडी

पुढच्या आठवड्यात ताईचं तोंड बघवत नव्हतं. मॅडमनी पाहिलं आणि खुर्चीत मागे टेकल्या.

"ताई, असं चालू ठेवता येणार नाही. उद्या पुन्हा बघते. फरक नसेल तर सलाईन थांबवावी लागेल."

"आनि पाय?"

मॅडम हळूच म्हणाल्या, "जखम आवळायला लागली होती हो. इतक्यात थांबवायचं माझ्याही जिवावर येतंय." मग स्वतःशीच बोलल्यासारखं मला सांगू लागल्या, "तुमच्या मजल्यावरच्या कुणालाच गुण दिसत नाहीये. निम्म्यांना तरी दिसायला हवा होता. या गोळीचं एकच असतं, दुधातला चुना, म्हणजे कॅल्शियम, तिला पोटात धरून ठेवतो, अंगी लागू देत नाही. पण ताई, दूध तर तुम्ही घेत नाही ना?"

"शपथ. थेंब नाई."

ताई खरं बोलत होती. माझं मात्र एकाच शब्दावर अडलं. दुधातला चुना. दह्यात असेल? ताकात? मला ते पातेलं दिसू लागलं, आणि त्याच्यामागे आल्याचं पोतं.

बाहेर बाकावर मी ताईला सांगितलं. तिला काही पटेना.

"ताकात कुठला आला चुना? लोनी काढून घेतल्यावर उरते काय त्याच्यात?"

"ताई, लोणी गेलं, चुना नाही गेला."

मी माझा बेत सांगितला. ताक गुपचूप बंद करायचं, कुणाला काही बोलायचं नाही, मॅडमकडे आठवडाभराची मुदत मागायची. सांगितलं तर संशोधनातून नाव जाईल, खोली जाईल. नाव गेल्यावर सलाईन तरी देतील की नाही, कुणास ठाऊक. एसटीत असंच चालतं. चूक सापडेपर्यंत ती चूक नसते.

"आनि बाकीच्यायचं?" ताई म्हणाली. "त्यायले मीच पाजलं ना मधू. बीडची ती पोरगी, दोन लेकरं घरी सोडून आली हाय. तिची गोळी मी वाया घालवली. तिले काय सांगू, गुपचूप बंद कर?"

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. एरवी ती जखम दाबली तरी रडत नाही. खरं सांगतो, मला तिचा पाय हवा होता, बीडच्या पोरीचं मला तेव्हा काही पडलं नव्हतं.

ताई उठली आणि लंगडत परत मॅडमच्या खोलीत गेली. रांगेतली माणसं "अहो, नंबर, नंबर," करत राहिली.

"मॅडम, माह्या हातून घोटाळा झाला. आम्ही ताक घेतो गोळीवर. मी घेतो, अन् मजल्यावरच्या साऱ्यायले मीच देतो."

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. पल्लवी म्हणाली, "पण ताई, मी क्लिअरली सांगितलं होतं, दूध नाही!"

"दूध नाईच घेतलं मी बाई. ताकाले तुमच्याकडं दूध म्हनते का?"

पल्लवीने मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी खिडकीकडे पाहिलं.

"नाही," मॅडम शेवटी म्हणाल्या. "माझी आई तर तापातसुद्धा गोळीवर ताक द्यायची. मला विचारायला हवं होतं, कशाबरोबर घेता. इतके आठवडे दर वेळी विचारतोय, घेता का, घेता का." आणि मग चिडून, कुणावर ते कळलं नाही, म्हणाल्या, "ताई, तुमचं नाव मी यातून काढतेय."

मी आमचे कागद गोळा करायला लागलो.

"आता तुम्ही संशोधनात नाही, माझ्या पेशंट आहात. म्हणजे खरी गोळी मी उघड देऊ शकते. पाण्याबरोबर. पाणी म्हणजे पाणी! सलाईन तूर्त चालू ठेवते, आठवडाभर बघू. खोलीचं मी भिडेकाकांशी बोलेन."

म्हणजे खरी गोळी हवी असेल तर आधी संशोधनातून हाकलून घ्यायला हवं होतं. मला हे पहिल्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर एवढं आलं आणलं नसतं.

बातमी कर्वेनगरला आमच्या आधी पोहोचली. दुसऱ्या दिवशी ओपीडीत रांगच लागली. सातारा म्हणाला, मी रोज दोन भांडी प्यायलो. जळगाव म्हणाला, मी पातेलं खरवडून प्यायलो. बीडची पोरगी पुढे आली आणि रडत रडत खरं तेच बोलली. बाकी प्रत्येक जण आपलं ताक वाढवून सांगत होता. आयुष्यात पहिल्यांदा मी माणसांना चूक कबूल करायला धक्काबुक्की करताना पाहिलं.

आणि सगळ्यांच्या शेवटी, इस्त्रीच्या शर्टात, कांबळेसाहेब.

"मॅडम," ते खाली बघत म्हणाले, "माझ्याकडूनही झालं. ताई आमच्याकडे जेवायला आल्या होत्या. एक ग्लास. चुकून."

मॅडमनी त्यांच्या भडकलेल्या तोंडाकडे पाहिलं, मग ताईकडे पाहिलं. ताई छताचा पंखा बघत होती. मी खिडकीबाहेर बघत होतो.

"एकच ग्लास?" मॅडमनी विचारलं.

"मोठा होता," कांबळेसाहेब म्हणाले.

मॅडमनी त्यांचंही नाव काढलं. मग डोकं धरून म्हणाल्या, "अहो, मग माझ्या अभ्यासात उरलं कोण?"

"कॉम्प्युटर, मॅडम," पल्लवी म्हणाली.

आर्वी

पुरळ उतरायला दिवस लागले, पण उतरली. सलाईन एकदाही चुकली नाही. भिडेकाकांनी खोली काढून घेतली नाही. फक्त स्वयंपाकघरावर नवी पाटी लागली, 'गोळी आणि ताक यांची भेट घडवू नये'. ताईने ती दोनदा वाचली आणि म्हणाली, "मानूस वाईट नाई, फक्त गोड खाते."

मॅडमचं संशोधन पहिल्यापासून नव्याने सुरू झालं आहे. निघायच्या दिवशी पल्लवी एका नव्या पेशंटला समजावत होती, "दूध नाही, दही नाही, ताक, लस्सी, कढी, श्रीखंड, पनीर, पेढा, काहीच नाही." ताई दारातून ओरडली, "बासुंदी रायली!" पल्लवीने तीही घातली.

कांबळेसाहेबांचा फोन येतो. सलाईन सुरू आहे, कान जागेवर आहे. त्या ग्लासाचा विषय आम्ही काढत नाही.

ताईचं लहान ऑपरेशन झालं आणि मांडीची कातडी घोट्याला लावली. आर्वीला पोचलो त्या संध्याकाळी अर्धी गल्ली ओसरीवर जमली. शेजारच्या वत्सलाबाईने तिच्या तोंडावरचे डाग पाहून विचारलं, "काय वं, इतके महिने पुन्यात राहून काय शोध लागला त्यायले?"

"ताक दूधच असते म्हने," ताई म्हणाली. गल्ली हसली, मीही हसलो.

मग ताईने लुगडं घोट्याच्या वर सरकवलं, पट्टी बांधलेला पाय सगळ्यांसमोर पुढे ठेवला आणि त्याची पाचही बोटं एकेक करून हलवून दाखवली.